ग्रामसभेत बोललेलं प्रोसिडिंगमध्ये कसं उतरवायचं

ग्रामसभेत आवाज चढवणारे पुष्कळ असतात. पण सभा उठल्यावर मागे उरतं ते प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही. त्यात ठराव म्हणून जे लिहिलं गेलं नाही, ते बोललंच गेलं नाही असं धरून चाला. म्हणून ग्रामसभेला जाताना तक्रार घेऊन जाण्यापेक्षा लिहिलेला ठराव घेऊन जा.

आधी तारखांचं. महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. बहुतेक गावांत त्या 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीच्या आसपास होतात. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. नोटीस फलकावर दिसली की तारखेसह फोटो काढून ठेवा. ‘दवंडी दिली होती’ हे वाक्य नंतर हमखास ऐकायला मिळतं.

आपला विषय अजेंड्यावर हवा असेल तर नोटीस निघण्याआधीच लेखी अर्ज द्या, म्हणजे सभेच्या दहा-बारा दिवस आधी. अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर पोच: आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. नुसती सही पुरत नाही, कारण ती कुणाची ते सहा महिन्यांनी ओळखू येत नाही. अजेंड्याबाहेरचे विषय शेवटी ‘ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ म्हणून येतात. तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात, आणि परवानगी द्यायची की नाही हे अध्यक्षाच्या हातात.

अर्जात ‘आमच्या वस्तीत गटाराची सोय करावी’ असं लिहिलंत तर उत्तर ‘नोंद घेतली’. त्याऐवजी असं लिहा: ‘वॉर्ड क्र. 2 मधील जिल्हा परिषद शाळेचे गेट ते हनुमान मंदिर, अंदाजे 120 मीटर, बंदिस्त गटाराचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे.’ कुठून, कुठपर्यंत, किती, कोणत्या आराखड्यात हे चारही त्यात आलं. खाली सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) म्हणून दोन मतदारांची नावं आधीच ठरवून ठेवा. सभेत ऐनवेळी हात वर करणारा मिळत नाही.

पैसा कुठून येणार हेही माहीत असावं. 15व्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतींना केंद्राकडून आलेल्या निधीत 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) आणि 40 टक्के अबंधित अशी विभागणी होती. बंधित रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी. सांडपाण्याचं गटार त्यात बसतं, सिमेंटचा रस्ता बसत नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ‘गेल्या वर्षी यातले किती खर्च झाले?’ हा साधा प्रश्न विचारला की सभेचा सूर बदलतो. मंजूर आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. तो पाहूनच जा. आराखड्याची तयारी साधारण ऑक्टोबरपासून सुरू होते, त्यामुळे नवं काम 26 जानेवारीला सुचवणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात येणं.

आता कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ते. 400 मतदारांच्या गावात 60 माणसं लागतात, 3,000 मतदारांच्या गावातही 100 पुरतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही! खरी गोम इथेच आहे. पहिल्या सभेला कुणी नाही म्हणून ओरड होते, आणि पुढच्या सभेत वीस माणसांत सगळं मंजूर होतं. त्यामुळे तहकुबीची तारीख-वेळ तिथेच जाहीर करून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरकली जाते, हे लाजिरवाणं आहे. रेशन, पाणी, अंगणवाडी हे विषय तिथून ठराव होऊन आले तर मुख्य सभेत ते उडवून लावणं अवघड जातं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडला जातो. सगळ्यांना ते जमेल असं नाही, पण सभेच्या आदल्या संध्याकाळी पारावर दहाजणांनी बसून ठराव वाचून पाहायला कुणाची हरकत नसावी.

सभेत हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना वरच्या ओळी पाहा. मधे रिकाम्या जागा सोडलेल्या असतील तर तिथेच सांगा, त्या नंतर भरल्या जातात. आपला विषय आला की ठराव क्रमांक विचारा आणि लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचायला लावा. ‘चर्चा झाली’ आणि ‘सर्वानुमते मंजूर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर कुणीही काम करायला बांधील नसतं.

आठवड्याभराने ठरावाची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. मुदत 30 दिवस. ‘ठरावाचं काय झालं’ असं विचारू नका. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरी रजिस्टरची साक्षांकित प्रत मिळावी’ एवढंच लिहा.