सँडट्रे आणि प्ले थेरपीचं प्रशिक्षण: माझा अनुभव

कोकणात मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना सँडट्रे (वाळूच्या ट्रेमध्ये छोट्या वस्तू मांडून मुलाने आपलं जग उभं करणं) आणि प्ले थेरपी (खेळातून उपचार) शिकवताना पहिला प्रश्न सगळीकडे एकच येतो: खेळणी कुठून आणायची? खेळणी मिळतात. मूल खेळत असताना आपलं तोंड आणि हात आवरणं, हे या प्रशिक्षणातलं अवघड काम आहे आणि बराचसा वेळ त्यालाच द्यावा लागतो. तरी मी सुरुवात वाळूपासूनच करते. वाळू चुकली की पुढचं सगळं अडतं.

ट्रे साधारण ३० इंच लांब, २० इंच रुंद आणि ३ इंच खोल लागतो. एवढं क्षेत्र मान न वळवता एका नजरेत मावतं. तळ आणि आतल्या कडा निळ्या रंगवायच्या, म्हणजे वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसतं. वाळू निम्म्या उंचीपर्यंतच भरायची, काठोकाठ भरली तर खणायला आणि डोंगर करायला जागाच उरत नाही. निम्मा ट्रे भरायला जवळपास १५ लिटर वाळू लागते आणि तिचं वजन २२ ते २५ किलो होतं. त्यामुळे टेबल दणकट हवं आणि त्याची उंची मुलाच्या कमरेएवढी. जमल्यास दोन ट्रे ठेवावेत, एक कोरडा आणि एक ओला.

इथे समुद्र दारात असल्यामुळे प्रत्येक गटात कोणीतरी पुळणीवरची वाळू आणायचं सुचवतं. आणू नये. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखाली किनाऱ्यावरचा वाळू उपसा निषिद्ध आहे हे एक, आणि त्या वाळूतलं मीठ हे दुसरं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत अशी वाळू कोरडी होतच नाही. ट्रेमध्ये मांडायच्या छोट्या वस्तूंमधल्या तारा गंजतात, ट्रेचा निळा रंग पोपडे धरतो. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू पांढरी, एकसारख्या दाण्याची आणि हाताला मऊ लागते, पण तिची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून कुठलीही वाळू आणली तरी बादलीत पाणी घालून ढवळायची, गढूळ पाणी ओतून टाकायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहायचं. मग ताडपत्रीवर पसरून एप्रिल-मेच्या उन्हात खडखडीत वाळवायची. चाळायची ती ओलसर असतानाच, कोरडी चाळली की धूळ उडते. ट्रेला झाकण हवंच, नाहीतर रात्रीत मांजर तिथे घाण करतं आणि सगळी वाळू टाकून द्यावी लागते. पावसाळ्यात ओल्या ट्रेतली वाळू रोज पसरून मोकळी ठेवावी, कुबट वास आला की बदलावी.

चित्रं, म्हणजे छोट्या वस्तू, दोन-तीनशे झाल्या की पुरतात. त्याहून जास्त झाल्या तर मूल फळीसमोरच गोंधळून उभं राहतं. माणसं, पाळीव आणि रानटी प्राणी, समुद्रातले जीव, झाडं, घरं, वाहनं, पूल, कुंपणं, भांडीकुंडी, देवादिक, भुतंखेतं, हत्यारं, मोडलेल्या वस्तू, शंख-शिंपले. बाजारातला तयार संच घेतला तर त्यात किल्ले आणि बर्फातली घरं येतात, पण कौलारू घर, तुळशीवृंदावन, होडी, एसटी आणि माड येत नाहीत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतून इथल्या गोष्टी बऱ्याच भरून निघतात. शिमग्याची पालखी आणि दशावतारी मुखवटे आम्ही मातीचे करून घेतले. इथली मुलं या वस्तू फार उचलतात. हत्यारं, साप, तिरडी अशा गोष्टी काढून टाकायचा मोह पालक-शिक्षकांना होतो. त्या राहू द्याव्यात. भीती आणि राग ठेवायला मुलाला जागा लागते. फळीवर प्रत्येक वस्तूची जागा मात्र कायम ठेवायची. मागच्या वेळी जिथे मगर होती तिथेच ती पुन्हा सापडली, तर मुलाला खोलीचा भरवसा वाटतो.

याचं मूळ ब्रिटिश डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांच्या लंडनच्या दवाखान्यात आहे. तिथे १९२९ मध्ये वाळूचे ट्रे आणि छोट्या वस्तू एकत्र आल्या आणि मुलं स्वतःच त्याला ‘जग’ म्हणू लागली. पुढे डोरा काल्फ १९५६ मध्ये तिथे शिकल्या आणि मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारांवर त्यांनी सँडप्ले उभं केलं. सँडप्लेमध्ये बोलणं फार थोडं असतं आणि अर्थ लावायची घाई नसते. सँडट्रे हे सैलसर नाव आहे, त्यात विषय देता येतो, नंतर बोलता येतं, कुटुंब किंवा गट बसवता येतो. शिकणाऱ्याने आपण यातलं काय करतोय हे स्वतःशी स्पष्ट ठेवावं.

काल्फ परंपरेत थेरपिस्टला आधी स्वतःची सँडप्ले प्रक्रिया पूर्ण करावी लागते. मला हा आग्रह पूर्ण पटतो, म्हणून आमच्याकडेही व्याख्यानाआधी ट्रे असतो. तिघांचा गट: एक रचणारा, एक सोबत बसणारा, एक निरीक्षक. २० मिनिटं रचना, १० मिनिटं नुसतं बघणं, १५ मिनिटं बोलणं, मग भूमिका बदलायच्या. मध्ये थोडी विश्रांती धरून एका गटाला अडीच तास लागतात. निरीक्षकाने फक्त वेळ आणि कृती लिहायची: ‘नववं मिनिट, गडगा काढला, विहिरीभोवती लावला.’ ‘असुरक्षित वाटलं’ असं लिहिलं की ते खोडायला लावते, कारण ते दिसलेलं नाही, ठरवलेलं आहे. सोबत बसणाऱ्याची खुर्ची ट्रेच्या कोपऱ्याला, रचणाऱ्याच्या समोर नाही. ट्रेला हात लावायचा नाही. पडलेला माडसुद्धा उभा करायचा नाही. मोठ्या माणसांना ही शांतता जड जाते आणि कोणीतरी मध्येच ‘अरे वा, छान!’ म्हणतं. त्या एका शब्दाने रचणारा पुढची वस्तू शाबासकीसाठी ठेवू लागतो, हे त्याच्याच तोंडून ऐकलं की सगळ्या गटाला पटतं.

मग मुलांसोबतचं काम. सुरुवातीची सूचना एवढीच: ‘यात तुला हवं ते उभं कर. वाळू हलवली तरी चालेल.’ मुलाने नाव दिल्याशिवाय वस्तूला नाव द्यायचं नाही. ‘हा वाघ ना रे?’ म्हटलं आणि मुलाच्या मनात तो त्याचा काका असेल, तर ती गोष्ट तिथेच संपते. ‘याला तू इथे ठेवलंस’ म्हणायचं. मुलाने ‘हे काय आहे?’ विचारलं तर ‘इथे ते तुला हवं ते असू शकतं.’ रचना झाल्यावर प्रश्न विचारायचे ते गोष्टीच्या आत राहून: ‘हा इथून काय बघतोय?’ ‘म्हणजे हे तुझे बाबा का?’ हा प्रश्न मुलाला गोष्टीतून ओढून बाहेर काढतो. चिन्हांचे ठरीव अर्थ सांगणारे तक्ते इंटरनेटवर भरपूर फिरतात. साप म्हणजे भीती, हे इथल्या मुलाला लावून बघा. त्याच्या घरी साप हा राखणदार असतो आणि नागपंचमीला त्याची पूजा होते.

वाळू उडाली, वस्तू फेकली, की नवखा थेरपिस्ट एकतर ओरडतो नाहीतर दुर्लक्ष करतो. अमेरिकन प्ले थेरपिस्ट गॅरी लँड्रेथ यांची तीन पायऱ्यांची पद्धत इथे उपयोगी पडते: भावना मान्य करा, मर्यादा सांगा, पर्याय द्या. ‘तुला वाळू उडवावीशी वाटतेय. वाळू माणसांवर टाकण्यासाठी नाही. ट्रेमध्ये जोरात ओतलीस तरी चालेल.’ हे शांत आवाजात आणि लगेच यायला हवं, म्हणून ते जोडीजोडीने पाठ होईपर्यंत म्हणून घेतो. मर्यादांची लांबलचक यादी आधीच वाचून दाखवू नये, वेळ आली की सांगावी. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी कल्पना द्यायची. मूल गेल्यावर आधी त्याच्या बाजूने आणि मग वरून फोटो काढायचा, त्यानंतरच ट्रे मोकळा करायचा. मुलासमोर तो मोडायचा नाही.

सगळ्यात जास्त शिक्षण होतं ते रेकॉर्डिंगमधून. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार घेऊन सत्र रेकॉर्ड करायचं, त्यातली १० मिनिटं शब्दशः उतरवायची, आणि आपल्या प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं: वर्णन, भावना, प्रश्न, कौतुक, सूचना. पहिल्या उताऱ्यात प्रश्नच प्रश्न निघतात. मग एकेक प्रश्न विधानात बदलायचा. ‘हा का रागावलाय?’चं ‘तो खूप रागावलाय’ होतं.

जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या घटनेनंतर मुलं ट्रेमध्ये तेच पुन्हा पुन्हा मांडतात: पाणी, बुडालेलं घर, छपरावरची माणसं. पुनरावृत्ती दिसली की घाबरायचं कारण नाही. बारीक बदल होतोय का ते फोटो शेजारी ठेवून बघायचं. एखादी होडी आली, कोणी मदतीला आलं, मूल मोकळा श्वास घेतंय, तर काम चालू आहे. तेच दृश्य, तोच ताठरपणा आणि खेळ संपल्यावर मूल जास्त अस्वस्थ, असं होत राहिलं तर थेरपिस्टने नुसतं बघत बसू नये. खेळात मदतीचं एखादं पात्र सुचवावं आणि सुपरवायझरशी लगेच बोलावं.

ट्रेमध्ये बाहुली पुरलेली दिसली म्हणजे अत्याचार झाला, असा निष्कर्ष काढता येत नाही. मुलाने तोंडाने सांगितलं, किंवा अत्याचाराची सबळ शंका आली, तर पोक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, खोदून विचारायचं नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक खोलीत लावलेला असावा.

पालकांचा भाग इथे वेगळा असतो. बाप मुंबईला, मूल आजीबरोबर येतं. संमती आई-वडिलांकडून घ्यायची, फोनवर समजावून सांगून मग सही मागवायची, पण रोजचं बोलणं आजीशीच. आजी दारातच विचारते, ‘काय काय केलंन आज?’ खेळाचा तपशील तिला सांगायचा नाही, पण हात हलवत परतही पाठवायचं नाही. ‘घरी रोज पंधरा मिनिटं त्याच्याशेजारी नुसतं बसा आजी, तो सांगेल तेवढंच करा’ असं काहीतरी हातात द्यावं. फोटो आणि उतारे नाव काढून, सांकेतिक क्रमांक घालून ठेवायचे. सुपरविजनसाठी ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, कारण आमच्याकडे एका तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि ट्रेमधल्या होडीवरूनसुद्धा घर कळतं.