बसलेला आवाज

मराठीत आवाज हरवत नाही, बसतो. भिंत बसते, धंदा बसतो, तसाच आवाज. पण बसलेला माणूस जसा उठतो तसा आवाज उठत नाही. उठवतात तो मोर्च्यातला. घशातला एक तर सुटतो, नाहीतर उघडतो. एरवी मी गणिताची बाई, भाषेच्या वाटेला जात नाही. हे सगळं सुचलं ते बोलता येत नव्हतं म्हणून.

स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं. लेझीम दरवर्षी माझ्याच गळ्यात का पडतं, हे मला न सुटलेलं गणित आहे. डिसेंबरातली साताऱ्याची थंडी, उघडं मैदान, चाळीस मुली. "डावा पाय, अगं डावा!" तीन दिवस ओरडले. लेझीम बसवता बसवता आवाज बसला. गुरुवारी सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर जास्त" सांगायला दार उघडलं, तर तोंडातून नुसती हवा आली.

अर्धा लिटर जास्त का, तर हळदीच्या दुधासाठी. म्हणजे तोवर घरात पहिलं औषध ठरलं होतं.

दुसरं सासूबाईंकडून आलं. ज्येष्ठमधाची काडी. "चघळ, आणि थुंकू नकोस." आधी मातकट लागते, मग इतकी गोड की त्यावर चहा फिका पडावा. त्यातलं गोड द्रव्य साखरेच्या कितीतरी पट गोड असतं. शेवटी तोंडात उरतो तो झाडूचा हीर. खुद्द सासूबाईंना ज्येष्ठमध वर्ज्य आहे. त्याने रक्तदाब वाढतो, म्हणून डॉक्टरांनी बंद केलंय. ती सगळी हौस त्यांनी माझ्यावर भागवून घेतली.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लवंग निरांजनावर भाजून खडीसाखरेबरोबर दाढेत धरायला लावली. समोरच्या वहिनींनी अडुळशाची पानं पाठवली. नणंदेचा फोन आला, "आल्याचा रस आणि मध, बास. बाकी कुणाचं ऐकू नकोस." मी मान हलवली. फोनवर. ती दोन मिनिटं "हॅलो, हॅलो" करत राहिली.

एक गोष्ट लक्षात आली. आपल्याला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं लोक धरून चालतात आणि कानाशी येऊन मोठ्याने बोलतात. शिवाय नाही म्हणता न येणारी बाई हातात सापडल्यावर औषध देणाऱ्यालाही हुरूप येतोच.

स्टाफरूममध्ये सितोपलादि चूर्णाची डबी निघाली. डबीवरचं प्रमाण वाचून मात्र मी खूश झाले. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. प्रत्येक पद आधीच्याच्या निम्मं! बेरीज 31, त्यात 16 खडीसाखर. अर्ध्याहून जास्त साखरच, म्हणून तर लहान मुलं कुरकुर न करता चाटतात. हा शोध मला सगळ्यांना सांगायचा होता. खडूने फळ्यावर लिहिला. कुणी पाहिला नाही.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मी दिवसातून सहा वेळा करत होते. विज्ञानाचे सर म्हणाले, "बाई, गुळणी स्वरयंत्रापर्यंत जातच नाही. तिथं पाणी गेलं तर ठसका लागतो." खरंच की. मग एवढी सहा भांडी मीठपाणी कशासाठी? "घशाला बरं वाटतं ना? मग करा. तिथपर्यंत पोचते ती वाफ." त्यांनीच सांगितलं की बाईमाणसाच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण 200 वेळा थरथर होते. मी लगेच हिशेब मांडला. 35 मिनिटांच्या तासात निम्मा वेळ बोलले तरी 2 लाख 10 हजार. दिवसाला असे पाच तास, आणि वर लेझीम. मला माझ्याच घशाची दया आली.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. "कुजबुजूसुद्धा नका, त्यानेही ताण येतो. गप्प बसा, पाणी प्या. तीन आठवड्यांत आवाज नाही सुटला तर आत बघावं लागेल." गप्प बसा! सगळ्यात स्वस्त औषध, पण सासूबाई, काकू, वहिनी, नणंद, कुणीच कसं सुचवलं नव्हतं? आणि ते सोडून बाकी सगळं मी बिनतक्रार घेत होते.

शुक्रवारी वर्गात खरी गंमत झाली. कुजबुजायचंही नव्हतं, म्हणून फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि बोटाने एका मुलीला उठवलं. ती उठली आणि उत्तर दिलं चक्क कुजबुजत. पाठोपाठ सगळा वर्ग कुजबुजायला लागला. पस्तीस मिनिटं आठवी 'ब' अशी शांत मी नोकरीत पाहिली नव्हती. मुख्याध्यापिका दोनदा दारातून डोकावून गेल्या. बहुधा वर्गात कुणी नाही असं वाटलं असावं.

शाळेतले शिपाईमामा भजनी मंडळात गातात. मधल्या सुट्टीत त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "कंकोळ हाय बाई. दाढंखाली धरायचं, चावायचं न्हाई." मिरीसारखे दाणे, पण प्रत्येकाला बारीक देठाची शेपटी. आधी तिखट, मग किंचित कडू, मग कापरासारखा गारवा थेट कानापर्यंत. एवढ्या सगळ्या औषधांत चव म्हणून मला आवडलं ते हेच.

सोमवारी सकाळी गॅसवर दूध ठेवून मी पेपर चाळत होते. फस्स झालं. "अगं बाई, दूध!" मीच ओरडले होते.

सासूबाई खोलीतून म्हणाल्या, "ज्येष्ठमध लागू पडलं हो!" खालून काकूंनी लवंगेचं नाव घेतलं. नणंदेने फोनवर आल्याचं श्रेय आधीच घेऊन टाकलं. मी सगळ्यांना हो म्हटलं, या वेळी तोंडाने.

शाळेच्या फाटकातच मामा भेटले. आवाज ऐकून हसले, मग जरा घुटमळले. "बाई, पुडीत काय उरलं आसंल तर द्या. शनवारी भजन हाय."