बेनेगलच का? तुम्ही विचारलंत म्हणून

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो. नोव्हेंबर जवळ आला की माझे जुने विद्यार्थी हमखास विचारतात, ‘बाई, एवढे देशोदेशीचे सिनेमे बघता, पण तुमचा दिग्दर्शक कोण?’ मी श्याम बेनेगल म्हणते. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘‘त्रिकाल’मुळे ना?’ ‘त्रिकाल’ हा त्यांचा गोव्यातला सिनेमा, लोटली गावातल्या एका जुन्या घरात चित्रित झालेला. गोव्याच्या माणसाला बेनेगल आवडतात ते त्या घरामुळेच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे.

‘त्रिकाल’ मला फार प्रिय आहे. पण माझं उत्तर ‘अंकुर’पासून सुरू होतं.

‘अंकुर’ १९७४ चा. जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा सूर्या तेलंगणातल्या गावी, शेतावरच्या घरात राहायला येतो. घरकाम करणारी लक्ष्मी दलित, तिचा नवरा मुका-बहिरा कुंभार. सूर्या तिला सांगतो, चहा तूच कर, मी जातपात मानत नाही. ऐकायला किती छान! पुढे त्याची बायको नांदायला येते (प्रिया तेंडुलकर, अगदी कोवळी पोर दिसते), आणि स्वयंपाकघरावरचा लक्ष्मीचा हक्क संपतो. तो हक्क तिचा कधी नव्हताच. मालकाच्या मर्जीने मिळालेला आणि मर्जीनेच गेलेला. चुलीपाशी कोण उभं राहील आणि ते कोण ठरवील, एवढ्यावर बेनेगल अख्ख्या गावाची घडण दाखवतात.

मला ते आवडतात ते इथे. हा दिग्दर्शक माणसाची गोष्ट घरावरून सांगतो. कोणाला कुठल्या दारातून यायची मुभा आहे, कोण कुठे बसतं, कोणाचं बोलणं कोणाच्या कानावर पडतं, हे आधी बघतो. माणसं वाईट की चांगली हा प्रश्न त्याच्याकडे मागाहून येतो.

आम्ही इथे भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे शब्द ऐकत मोठे झालो. माझ्या आजोळी राजांगण होतं, तुळशीवृंदावन होतं, आणि मुंडकारांच्या बायका मागच्या दारानेच येत. त्यांचा चहाचा कप निराळा असे. कोणी त्यांना वाईट बोलत नव्हतं, उलट लाडाने बोलत. म्हणूनच त्यात काही अन्याय आहे हे मुलांना कळत नव्हतं. आपलं घर दुसऱ्याच्या जमिनीवर असणं म्हणजे काय, याला गोव्यात कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९७५ च्या मुंडकार कायद्याने. ‘अंकुर’ त्याच्या आदल्या वर्षीचा. तेलंगणातली ती गोष्ट मला परक्या मुलखातली कधी वाटलीच नाही.

‘निशांत’मध्ये जमीनदारांच्या वाड्यात मास्तरांची पळवून आणलेली बायको आणि धाकट्या भावाची लग्नाची बायको एकाच छपराखाली राहतात. शबाना आझमी आणि स्मिता पाटील. दोघींचं दुःख वेगळं, पण दाराची कडी एकाच हातात. ‘मंथन’ तर पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढला, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यात घराच्या जागी दूध सोसायटी आहे, प्रश्न मात्र तोच. रांगेत कोण कोणामागे उभं राहणार?

आणि मग ‘भूमिका’, १९७७ चा. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. त्यातल्या नायिकेची, उषाची, आजी गोव्याच्या देवदासी परंपरेतली गायिका आहे. हा तपशील मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाच्या नजरेतून निसटत असेल, इथे बसून बघताना निसटत नाही. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांच्या गाण्याचा आम्ही अभिमान सांगतो. पण ज्या घरांतून अशा गायिका मुंबईला गेल्या, त्या घरांतल्या मुलींना संसार हवासा का वाटायचा, हे कोणी फार बोलत नाही. उषाला तो हवा आहे. प्रत्येक घरात ती तेवढ्यासाठीच शिरते. शेवटी काळे आडनावाच्या माणसाच्या वाड्यात तिला जे हवं होतं ते जवळजवळ सगळं मिळतं: मान, सासू, मांडीवर मूल. एक दिवस मुलाला जत्रेला घेऊन जाते म्हणते, आणि तेव्हा कळतं की उंबरा ओलांडायचा नाही. अमरीश पुरींचा काळे सभ्य आहे, शांत आहे. त्याला ओरडावं लागत नाही, कारण भिंती त्याच्या आहेत. अंथरुणाला खिळलेली त्याची पहिली बायको हे सगळं केव्हाच समजून बसली आहे. त्या दोघींच्या प्रसंगात स्मिता पाटीलने जे केलं आहे, त्यासाठी मी तो सिनेमा परत परत लावते. राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला, मिळायलाच हवा होता.

‘मंडी’त कोठा आहे. सभ्य गाव त्याला वेशीबाहेर लोटतं, आणि त्याच्याभोवती पुन्हा गाव वसतं. ‘मम्मो’त मुंबईतली एक छोटी जागा आणि फाळणीने परकी ठरवलेली आजीची बहीण. त्या चार भिंतींत दोन देशांची सरहद्द येऊन उभी राहते.

आता ‘त्रिकाल’. १९८५ चा सिनेमा, काळ १९६१ चा, गोवामुक्तीच्या तोंडावरचा. चित्रीकरण मारियो मिरांडांच्या लोटलीच्या वडिलोपार्जित घरातलं. अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेले ते दिवाणखाने मला पाठ आहेत. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार बेनेगलांना याच सिनेमासाठी मिळाला. त्या घराची मालकीण, लोटलीची दोना मारिया, हिंदीत बोलते हे मला अजूनही खटकतं, लीला नायडू कितीही सुंदर बोलल्या तरी. घरची बोली कोंकणी असलेल्या दिग्दर्शकाने हा सिनेमा कोंकणीत केला असता तर, हा विचार दर वेळी येतो. पण घर त्यांनी चुकवलेलं नाही. दोना मारिया मेलेल्या नवऱ्याचा आत्मा बोलवायला बसते, आणि येतो तो राण्यांच्या बंडातला माणूस, ज्याच्या रक्ताचा हिशेब त्या घराने कधी दिलेला नाही. दीपाजी राण्यांनी सत्तरीत १८५२ मध्ये बंड केलं, हे आम्ही शाळेत तारखांसकट शिकवतो. इथे राणे थेट भाटकाराच्या दिवाणखान्यात येऊन जाब विचारतो. पोर्तुगीज गोव्याच्या आठवणीत हरवून जायचं ज्यांना सुख वाटतं, त्यांना हा सिनेमा ते सुख पुरतं घेऊ देत नाही, आणि त्याच वेळी त्या माणसांवर मायाही करतो. दोन्ही एकदम जमणारे दिग्दर्शक मी फार थोडे पाहिले.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. ‘नेताजी’ आणि ‘मुजीब’मध्ये एकच मोठा माणूस मधोमध उभा असतो, बाकीचे त्याच्याकडे बघत राहतात, आणि मला माझे बेनेगल तिथे सापडत नाहीत. त्यांना गर्दी लागते, आतबाहेर करणारी, भांडणारी, आडून ऐकणारी. ‘भारत एक खोज’ हजारो वर्षांचा इतिहास सांगूनही जिवंत आहे, कारण त्यात राजांच्या आजूबाजूला सतत माणसांचा वावर आहे.

२३ डिसेंबर २०२४ ला ते गेले, नव्वदी पूर्ण करून नऊ दिवसांनी. तेव्हापासून हा प्रश्न मला जास्तच विचारला जातो, आणि जोडीला, ‘मग सुरुवात कुठून करू?’ आधी ‘भूमिका’ बघा. मग ‘त्रिकाल’, आणि तो बघताना मिलाग्रेनियावर लक्ष ठेवा. नीना गुप्ताने केलेली ती मोलकरीण मेलेल्या मालकाची अनौरस मुलगी आहे. आत्मे तिच्याच तोंडून बोलतात, पण जेवणाच्या टेबलापाशी ती कायम उभी असते.