गच्चीच्या पोटातलं पाणी

नागपुरात स्लॅबच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खरा उन्हाळा रात्रीच कळतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट दिवेलागणीनंतर आपली धग खोलीत सोडू लागतं, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर फेकत राहतो.

जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम. ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, सत्तरच्या दशकातल्या एका बंगल्याची गच्ची बघायला गेले. घरात काका-काकू दोघंच. एका ठेकेदारानं त्यांना गच्चीवरच्या जुन्या कोब्यावर (विटांचे तुकडे चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवून केलेल्या थरावर) आणखी चार इंच विटांचा कोबा आणि वर चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, सुचवलं होतं. काकूंना ते पटत नव्हतं. "मागच्या वेळीही थरच टाकला होता, मॅडम. दोन वर्षं बरं वाटलं, मग पुन्हा तेच."

संध्याकाळी आठ वाजता झोपायच्या खोलीच्या छतावर तापमानाची गन धरली: 44 अंश. त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले होते. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर पाण्याची टाकी. छत फक्त तिथेच का सोलावं, हे मला कळेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत टाकीशेजारी फूटभर जागा खोदून बघायचं ठरवलं.

मिस्त्रीनं छिन्नी लावली. आधी पांढऱ्या रंगाचा पापुद्रा निघाला, मग सिमेंट, मग डांबर, त्याखाली दुसऱ्यांदा घातलेला कोबा आणि सगळ्यात खाली चुन्यातला मूळ कोबा. सगळं मिळून नऊ इंच. तळातला विटेचा तुकडा उचलून त्यानं तळहातावर दाबला. हात ओला झाला. "मॅडम, नवतपा चालू हाये अन् वीट ओली!"

बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं आणि इथे विटा पाणी पिऊन बसलेल्या. टाकीच्या पाईपचा सांधा झिरपत होता. डांबराच्या थरामुळे आत शिरलेल्या पाण्याला वर यायला वाट नव्हती, म्हणून ते खालीच पसरत गेलं होतं.

कोबा उष्णता अडवतो तो विटेच्या छिद्रांतल्या हवेच्या जोरावर. पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपट सहज वाहते. त्यामुळे ओली वीट धग अडवायच्या ऐवजी खाली पोचवते. त्यावर आणखी कोबा घातला असता तर पैसे पाण्यात गेले असते, आणि वजन वाढलं असतं ते वेगळंच. नऊ इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास, ओला असेल तर जास्तच. माणसांच्या वावराच्या गच्चीवर चालत्या भारासाठी, म्हणजे माणसं आणि सामान यांच्या वजनासाठी, आपली भारतीय मानकं चौरस मीटरला 150 किलो धरतात. नवे चार इंच आणखी 180 किलो घालणार होते. पोपडे आलेल्या जागी खालून गिलावा काढला, तर सळई गंजून फुगलेली. ती बघताना मला खरोखर धडकी भरली, कारण काकूंचा पलंग बरोबर त्याखाली होता. तो त्याच दिवशी हलवायला लावला.

काकांच्या मुलानं पुण्याहून फोनवर विचारलं, खालून थर्मोकोल लावून फॉल्स सीलिंग केलं तर? मी ठाम नकार दिला. स्लॅब तापायचा तो तापतच राहणार, आणि गंज मात्र झाकला जाणार. धग अडवायची ती काँक्रीटच्या वर, उन्हाच्या बाजूनं.

पाऊस तोंडावर होता, म्हणून तेव्हा फक्त टाकी रिकामी करून हलवली, खड्डा बुजवला, कोपऱ्याला खालून टेकू दिले आणि वर ताडपत्री टाकली. खरं काम दिवाळीनंतर. सगळे थर हातानं काढायला लावले, कारण मोठ्या ब्रेकरचे हादरे त्या स्लॅबला सोसले नसते. उघडा स्लॅब वाळू दिला, सळया साफ करून दुरुस्त केल्या, वॉटरप्रूफिंग केलं आणि त्यावर 50 मिलिमीटरचे एक्सपीएस फोमचे (थर्मोकोलच्याच जातीचे, पण दाट) बोर्ड अंथरले. चौरस मीटरला या बोर्डचं वजन दोन किलोसुद्धा नाही. वर उताराचं काँक्रीट आणि पांढऱ्या टाइल्स. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी सरकारनं केलेल्या इको-निवास संहिता 2018 नुसार घराच्या छताचं यू-मूल्य, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे आरपार जाणारी उष्णता, 1.2 वॉटपेक्षा जास्त नसावं. उघड्या सहा इंची स्लॅबचं ते सव्वातीनच्या घरात जातं; बोर्ड घातल्यावर अर्ध्या वॉटच्या आसपास येतं. काकूंची अट एकच होती, कुरडया-पापडांचं वाळवण गच्चीवरच पडलं पाहिजे. ते पडतं.

पुढच्या मे महिन्यात त्याच खोलीत, त्याच वेळी छत मोजलं. 37 अंश. "पहाटे कूलर बंद करावा लागते आता," काका म्हणाले. पश्चिमेची भिंत मात्र अजून तापते. तिला बाहेरून बांबूची ताटी आणि खिडकीला खोल छज्जा करायचा आहे. त्याचं माप घेऊन आले आहे.