ती चामखीळ नव्हती

एप्रिल-मेमध्ये माझ्या नाशिकच्या ओपीडीत निम्मे पेशंट द्राक्षबागेतून उठून आलेले असतात. खरड छाटणीची कामं, फवारणी, डोक्यावर ऊन. घामोळं, वांग, अॅलर्जी, असंच सगळं. त्या दिवशी दिंडोरीकडच्या चाळिशीतल्या एक ताई सासूबाईंबरोबर आल्या. "मॅडम, एवढी चामखीळ जाळून द्या."

नाकाच्या बाजूला मसुराएवढी काळपट गाठ. घोड्याचा केस बांधून झाला होता, चुना-सोडाही लावून झाला होता. (चुन्याने चेहरे भाजून घेतलेले लोक मी दर महिन्याला बघते.) टॉवेल लागला की रक्त, मग खपली, खपली पडली की पुन्हा तेच.

चामखीळ खरखरीत असते. ही गुळगुळीत, चमकणारी, कडा किंचित उचललेली. डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) टेकवला तर निळसर-राखाडी ठिपके आणि फांद्या फुटाव्यात तशा बारीक रक्तवाहिन्या. बेसल सेल कार्सिनोमाच, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, वाटत होता. पण सावळ्या त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्याचं बऱ्यापैकी संरक्षण असतं, आणि हे वय तसं लवकरचं. म्हणून विचारलं,

"कसली गोळी चालू आहे?"

"काहीच नाही."

"अगं, ती नसांची कॅप्सूल सांग की," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, ती चामडीची थोडीच आहे!"

पिशवीतून फाइल निघाली. मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस), म्हणजे शरीराच्याच पांढऱ्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतात तो आजार. फिंगोलिमोड ०.५ मिलिग्रॅम, रोज एक, कित्येक वर्षं.

हे औषध लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींतच अडवून ठेवतं. त्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जूवरचे त्यांचे हल्ले कमी होतात; पण उन्हाने बिघडलेल्या त्वचेच्या पेशी वेळीच टिपणारा पहाराही त्याच पेशींचा. अमेरिकेत त्याला 2010 मध्ये मंजुरी मिळाली. बेसल सेल आणि मेलॅनोमाचा (त्वचेचा आणखी एक, जास्त घातक कॅन्सर) इशारा आता त्याच्या माहितीपत्रकातच असतो. एमएसच्या सगळ्या औषधांचं असं नाही, इंटरफेरॉनच्या पत्रकात हा इशारा नसतो.

"मग आजपासून कॅप्सूल बंद!" ताई म्हणाल्या.

"अजिबात नाही. मनाने बंद केलीत तर आजार पहिल्यापेक्षा जोराने उलटू शकतो." त्यांच्यासमोरच मी न्यूरोलॉजिस्टना फोन लावला. औषध बदलायचं का, कधी, हे ते ठरवणार, गाठ माझ्याकडे.

मग पडदा ओढून डोक्याच्या भांगापासून सगळी त्वचा तपासली. तळपायही. आपल्याकडे मेलॅनोमा झालाच तर बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली होतो, आणि तिथे कुणी बघत नाही. तिथे काही नव्हतं.

बायोप्सीत बेसल सेलच निघाला. हा सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण ठेवला तर नाक कुरतडत जातो. प्लास्टिक सर्जननी कडेची थोडी चांगली त्वचा घेऊन तो काढला, कडा स्वच्छ आल्या. दर सहा महिन्यांनी तपासणी, बागेत रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन, एवढं लिहून दिलं.

टाके बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्याच चप्पल काढली. "तळपाय बघताच आहात तर माझं कुरूपही बघा."