एसएलआर भारी की आताची रायफल?

राहायला देवळाली कॅम्प, नोकरी लष्करात आर्मररची, म्हणजे हत्यारं दुरुस्त करण्याची, झालेली. त्यामुळे लॅम रोडवर चहाला थांबलो की भरतीची तयारी करणारी पोरं गाठतातच. "काका, जुनी एसएलआर भारी की आताची रायफल?" लग्नाच्या पंगतीतही हे कुणीतरी विचारतंच. एसएलआर म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, पुढची गोळी आपोआप भरणारी. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

आपोआप भरणारी रायफल म्हणजे अलीकडची करामत, असं पोरांना वाटतं. पण अमेरिकेनं गॅरँड नावाची तशी रायफल स्वीकारली ती १९३६ मध्ये. गोळी नळीतून जाताना थोडा गॅस वळवायचा, त्यानं पिस्टन ढकलायचा, बोल्ट मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकतो आणि पुढे येताना दुसरा राऊंड (काडतूस) चढवतो. ट्रिगर एकदा दाबा, गोळी एक; यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. हे आजही तसंच आहे. आपले जवान मात्र १९६२ च्या युद्धात हातानं बोल्ट ओढायच्या थ्री-नॉट-थ्रीवरच होते. इशापूरच्या कारखान्यातली एसएलआर आली त्यानंतर.

फरक आहे तो कुलपात, म्हणजे गोळी सुटताना बोल्ट जागेवर अडकतो कसा त्यात. एसएलआरचा बोल्ट मागून खाली झुकतो आणि रिसीव्हरमधल्या (रायफलीच्या मधल्या सांगाड्यातल्या) पोलादी ठोकळ्याला टेकतो. म्हणजे गोळी सुटतानाचा सगळा दाब रिसीव्हरनं सोसायचा. म्हणून तो पोलादी आणि जड. अमेरिकेकडून घेतलेल्या सिगसारख्या आताच्या रायफलीत बोल्ट गोल फिरतो आणि त्याचे दात थेट नळीच्या मागच्या टोकाशी अडकतात. दाब तिथंच पेलला जातो, मग बाकीचं अंग ॲल्युमिनियमचं केलं तरी चालतं. आणि दुर्बीण! एसएलआरचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं, सरकतं. त्यावर दुर्बीण बसवली तर नेम टिकायचा कसा? आता माथ्यावर खाचांची पट्टी अंगातच घडवलेली असते. माझ्या मते खरी सुधारणा या दोनच. मागेपुढे होणारा बट (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) हाही सोयीचा, हे मान्य; १.१४ मीटर लांबीची एसएलआर घेऊन बुटक्या जवानानं गाडीतून उतरून पाहावं.

पण भारी-हलकं ठरवायचं तर रायफलीचं साल बघू नका, राऊंड बघा. एसएलआरचा ७.६२ मिलिमीटरचा राऊंड साधारण २४ ग्रॅमचा, तिच्यानंतर आलेल्या आपल्या इन्सास रायफलीचा ५.५६ चा त्याच्या निम्मा. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट राऊंड बसतात, खांद्याला धक्काही कमी. लांबवर मात्र मार हलका पडतो. (इन्सास तीन-तीन गोळ्यांचा बर्स्टही सोडते, त्यामुळे तिला निव्वळ सेमी-ऑटोमॅटिक म्हणता येत नाही.) आणि २०१९ मध्ये लष्करानं ७२,४०० सिग ७१६ मागवल्या, त्या कुठल्या राऊंडच्या? ७.६२ × ५१. एसएलआरचाच! पिस्टनही तिच्यासारखाच, आखूड धावेचा, म्हणजे थोडंच अंतर सरकणारा. हे ऐकून पोरं जरा हिरमुसतात, त्यांना काहीतरी नवलाचं हवं असतं.

तरी थेट उत्तर हवंच असेल, तर डोंगरात लांबच्या माऱ्याला सिग, गल्लीबोळात नि दाट झाडीत ५.५६. एसएलआरची एक गोष्ट मला अजून आवडते: नळी-पिस्टनवर काजळी साचून ती अडखळली की गॅस रेग्युलेटर थोडा फिरवायचा, गॅस वाढवायचा, की पुन्हा चालू. पण रात्रपाळीच्या पहाऱ्याला आज कुणी ती हातात दिली, तर मी दुर्बीणवालीच मागेन.