बिल कोण भरतं? : आमची वाटचाल

आमची फर्म कराडची. सातारा-सांगली पट्ट्यात आम्ही सोलरची कामं करतो. फर्मच्या आयुष्यातली निम्म्याहून अधिक वर्षं ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा हेच आमचे मुख्य गिऱ्हाईक होते. फर्म २००९ साली सुरू झाली. त्याआधी मी पाटण तालुक्यात वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला होतो. वर चक्क्या फिरायच्या, वीज तारेतून निघून जायची आणि खालच्या वाड्यांमध्ये भारनियमन. गावाला त्यातून दिसणारी गोष्ट एकच : ग्रामपंचायतीला मिळणारा कर. तो किती आणि कसा घ्यायचा यावरून कंपन्या आणि ग्रामपंचायतींचे वाद झाले, प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. ‘अपारंपरिक ऊर्जा’ हा शब्द सरपंचांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला तो घरपट्टीच्या भाषेत. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या हद्दीत चक्की उभी आहे त्याला काहीतरी मिळायला हवंच.

सुरुवातीला आम्ही फक्त वॉटर हीटर बसवायचो. बंगलेवाले, लॉजवाले, एखादं हॉस्पिटल. पुण्यात महापालिका सोलर बसवणाऱ्याला मिळकतकरात पाच टक्के सूट द्यायची, सोबत पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत असेल तर दहा. आम्ही आमच्याकडच्या नगरपालिकांना ते कागद दाखवायचो. मुख्याधिकारी वाचायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, “कराची वसुली आधीच कमी, त्यात सूट कुठून देऊ?” त्यांचंही बरोबर होतं.

ग्रामपंचायतीचं पहिलं काम मिळालं ते सोलर पथदिव्याचं. तेव्हाचा संच ठरलेला असायचा : ७४ वॅटचं पॅनल, १२ व्होल्ट ७५ अ‍ॅम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि ११ वॅटचा सीएफएल. भारनियमनाचे दिवस. गावातले बाकीचे दिवे गेले की हाच एक जळायचा, त्यामुळे मागणी प्रचंड. आमदार फंड, जिल्हा नियोजन, राज्य सरकारच्या महाऊर्जेचं अनुदान, पुढे केंद्राचा चौदावा वित्त आयोग, पैसा कुठूनही यायचा. खांबाला नामफलक लागायचा. पॅनल सात मीटर वर, फलक डोळ्यांच्या उंचीला आणि काही ठिकाणी फलक पॅनलपेक्षा मोठा.

दोन-तीन वर्षांनी त्याच गावांमधून फोन यायला लागले. दिवे बंद. निम्म्या ठिकाणी बॅटरी चोरीला गेलेली. ७५ अ‍ॅम्पिअरची बॅटरी घरातल्या इन्व्हर्टरला बिनबोभाट चालते, हे चोरालाही ठाऊक. आम्ही बॅटरीची पेटी खांबाच्या टोकाला नेली, कुलूप बदललं, नटावर वेल्डिंग मारलं. काही ठिकाणी बॅटऱ्या टिकल्या, काही ठिकाणी खांबच आडवा केलेला सापडला. बाकी दिव्यांना नवी बॅटरी हवी होती आणि त्यासाठी पैसे नव्हते. नवीन दिवा घ्यायला निधीचं हेड आहे, जुन्याची बॅटरी बदलायला हेड नाही, हे वाक्य मी इतक्या ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून ऐकलंय की आता मीच ते आधी म्हणतो. मग गाव काय करायचं? जुन्या खांबाशेजारी नवा खांब. आमच्या धंद्याला ते बरंच होतं, हेही सांगून टाकतो. पण आमच्याच हाताने बसवलेल्या मेलेल्या दिव्याशेजारी दुसरा दिवा बसवताना लोक जे बोलायचे ते ऐकून घ्यावं लागायचं. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी दिव्याच्या आतच बसायला लागली तेव्हा चोऱ्या कमी झाल्या.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट मला उशिरा उमगली. गावाला त्या दिव्यांच्या विजेची फिकीर नव्हती, कारण वीज वाचवून गावाचा एक रुपयाही वाचत नव्हता. गावातल्या साध्या पथदिव्यांची बिलं ग्रामपंचायत स्वतःच्या गल्ल्यातून भरायचीच असं नाही. ती वरून कुठूनतरी भरली जायची, नाहीतर थकायची. थकबाकीची कुणाला झोप उडालेली मी तरी पाहिली नव्हती.

ती उडाली २०२१च्या मध्यात. थकबाकीपोटी राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची कनेक्शनं तोडायला सुरुवात झाली. गावंच्या गावं अंधारात, सरपंच रस्त्यावर. तोडगा असा निघाला की ही बिलं ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत. म्हणजे ज्या पैशात गटार, सभामंडप किंवा काँक्रीटचा रस्ता व्हायचा, तो बिलात जाणार. त्यानंतरच्या काही महिन्यांत ज्या सरपंचांनी मला कधी चहाला विचारलं नव्हतं, ते बिलांची चळत घेऊन आमच्या ऑफिसात बसलेले असायचे. “दादा, हे खाली आणायचं काहीतरी बघा.” दिवा बसवा असं कुणी म्हणत नव्हतं. आमच्या फर्मचा नवा धंदा तिथून सुरू झाला.

ग्रामपंचायतीचं सगळ्यात मोठं बिल पथदिव्याचं नसतं, पाण्याच्या पंपाचं असतं. गणित सोपं आहे. दहा हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे साडेसात किलोवॅट. रोज पाच तास चालला तर ३७ युनिटच्या आसपास. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर वर्षभराची सरासरी धरून दिवसाला चार युनिट देतं, त्याला शंभरेक चौरस फूट जागा लागते. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या सोयीत, कनेक्शनच्या मंजूर भारापेक्षा जास्त क्षमता बसवता येत नाही, म्हणजे साडेसात किलोवॅटच धरा. रोजचे तीस युनिट तिथेच निघाले. कागदावर एवढ्यावर काम संपतं.

प्रत्यक्षात तिथून सुरू होतं. कृष्णा-कोयनेकाठच्या गावाचं जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) नदीत आणि मोकळी गच्ची गावात, शाळेवर किंवा पंचायतीवर. दोन्हींचे ग्राहक क्रमांक वेगळे. गच्चीवर तयार झालेली वीज जॅकवेलच्या बिलात सरळ वळती होत नाही, म्हणून पॅनल जॅकवेलपाशीच लावायचं. तिथे जागा मिळते ती पूररेषेत. ऑगस्ट २०१९चा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पंपहाऊसच्या छपराला टेकलेलं पाणी पाहिल्यावर कोणता सरपंच तिथे लाखोंचं सामान लावेल? आम्ही मग उंच लोखंडी स्ट्रक्चर करून वर पॅनल, वरच इन्व्हर्टर, असं करायला लागलो. लोखंडाचा खर्च इतका वाढतो की काही गावांचं एस्टिमेट तिथेच बारगळलं. त्यापेक्षा डोंगरकपारीतल्या लहान योजना परवडतात. तिथे विहीर, टाकी आणि जागा एकमेकांना लागून असते.

दुसरी अडचण माणसांची. गावाला पाणी पहाटे लागतं. पहाटे सूर्य नसतो. नेट मीटर असेल तर दिवसा दिलेली वीज हिशेबात येते, पण थकबाकी असलेल्या कनेक्शनला नेट मीटर मिळवणं म्हणजे डोकेदुखी. ज्या गावाला सोलरची सर्वांत जास्त गरज, तेच रांगेच्या शेवटी. मग थेट सोलर पंप उरतो, आणि तो दिवसाच चालतो. टाकी दुपारी भरा आणि पहाटे सोडा, इतकं साधं उत्तर आहे. एका ग्रामसभेत मी ते सांगितलं, तर मागून एक आजोबा म्हणाले, “सोलर चालंल हो, पण पाणी सोडणारा दुपारचा झोपतोय त्याचं काय?” सभा हसली. तो पाणी सोडणारा गडीही तिथेच होता, तोही हसला. पण त्या योजनेचं पुढे खरंच काही झालं तर ते त्याच्यामुळे. सरपंच ताईंनी त्याच्या कामाच्या वेळा बदलून ठरावात लिहून घेतल्या आणि मानधन थोडं वाढवलं. आता स्टार्टरपाशी युनिटची वही तोच लिहितो.

पैसा कुठल्या निधीतून घालायचा यावरही खल व्हायचा. पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, चाळीस टक्के अबंधित. पंपावरचं सोलर हे पाणीपुरवठ्याचं काम की विजेचं? एका तालुक्यात बंधितमधून मान्यता मिळायची, शेजारच्या तालुक्यात फाइल परत यायची. आम्ही दोन्ही तऱ्हेची एस्टिमेटं तयार ठेवायचो.

नगरपरिषदांचं मन वेगळ्या गोष्टीने वळलं. ऑक्टोबर २०२०मध्ये राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान सुरू झालं. पंचमहाभूतांवर गुण, त्यात अग्नी म्हणजे ऊर्जा. गुण म्हणजे क्रमांक, क्रमांक म्हणजे बक्षीस आणि मंत्र्यांच्या हस्ते सत्कार. वर्षानुवर्षं टेबलावर पडलेले आमचे प्रस्ताव मूल्यमापनाच्या तारखेआधी एकदम हलायचे. कार्यालयाच्या गच्चीवर सोलर, बागेत सोलर झाड (खांबाला फांद्यांसारखी लावलेली पॅनल), स्मशानभूमीत सोलर दिवे. सोलर झाडाविषयी माझं मत चांगलं नाही. तेवढ्याच पैशात सपाट गच्चीवर त्याच्या कितीतरी पट वीज निघते, पण गच्चीवर कोण चढून बघतो? तरी या अभियानाने एक केलं. शहराचं वीजबिल एकूण किती येतं, हा आकडा नगरपरिषदेत कुणीतरी पहिल्यांदा एका कागदावर मांडला. त्याआधी पाणी, दिवे, कार्यालय, वेगवेगळ्या बाबूंच्या वेगवेगळ्या फायली.

२०२२पासून बहुतेक नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. सही लवकर व्हायची, हे मान्य करायला हवं. पण साहेबांची बदली झाली की नवे साहेब विचारायचे, हे काम कुणी सांगितलं होतं? एका नगरपरिषदेत आमचं बिल अशा तीन खुर्च्यांमधून फिरत राहिलं, काम पूर्ण, मापन पुस्तिकेत नोंद झालेली, प्रकल्प वीज देतोय. २०२४मध्ये तर लोकसभेची आचारसंहिता सरली, पावसाळा आला, तो जातो तोवर विधानसभेची. आमच्यासारख्या लहान फर्मला देयकाच्या दिरंगाईवर व्याज मागायची हिंमत नसते. ओव्हरड्राफ्टचं व्याज मात्र बँक महिन्याच्या महिन्याला घेते. घरचे हिशेब आणि निविदेची सगळी कागदपत्रं पत्नी बघते. मार्च एंडच्या आठवड्यात तिला काही विचारायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

बाहेरच्या वाऱ्यांचाही फटका बसायचा. १ ऑक्टोबर २०२१ला सोलरवरचा जीएसटी पाचवरून बारा टक्के झाला, एप्रिल २०२२पासून आयात पॅनलवर चाळीस टक्के सीमाशुल्क. ग्रामपंचायतीचा दर मात्र ज्या दिवशी निविदा उघडली त्या दिवशीचा. त्या हंगामातली काही कामं आम्ही नफ्याविना नुसती पुरी केली. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी पुन्हा पाचवर आला तेव्हा फरक कमी करून द्या असं पत्र मात्र ताबडतोब आलं.

आता धंद्याचा मोठा भाग खासगी घरांचा आहे. फेब्रुवारी २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यावर येतं, त्यामुळे आमची उधारी घटली. याच योजनेत आपल्या हद्दीतल्या प्रत्येक सोलर घरामागे ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला हजार रुपये प्रोत्साहन आहे. मी ज्या सरपंचांना हे सांगितलं, त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हतं. जिल्ह्यातल्या एका आदर्श सौर गावाला एक कोटी देण्याची तरतूदही आहे, पण स्पर्धेत उतरायला लोकसंख्या पाच हजारांच्या वर लागते. पाटणच्या डोंगरातल्या वाड्या त्यात बसणारच नाहीत. गंमत अशी, की राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून नावाजलेली मान्याचीवाडी याच पाटण तालुक्यातली, शंभरेक घरांची. आम्ही ते काम केलेलं नाही. पण लोकांना दाखवायला नेतो, कारण तिथे घराघराबरोबर पाणी आणि पथदिवेही सोलरवर आहेत, आणि मोठ्या गावातले लोक ते बघून गप्प होतात.

शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची मोठी कामं आमच्या आवाक्याबाहेरची, आम्ही पाया आणि केबलिंगचं पोटकंत्राट घेतो. तिथे ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. गायरान द्यायला गावं तरीही कचरतात. जनावरं कुठे चारायची हा प्रश्न शेळ्या राखणाऱ्याचा असतो आणि पाच लाख पंचायतीच्या खात्यात येतात. जिथे ग्रामसभेत त्या पाच लाखांचं काय करायचं हे आधी ठरलं, तिथे कुंपण शांतपणे पडलं. इतर ठिकाणी आमच्या मुलांना खड्डे अर्धे टाकून परतावं लागलं.

हल्ली कुठल्याही ग्रामपंचायतीचं एस्टिमेट करण्याआधी आम्ही बारा महिन्यांची बिलं मागतो. ज्यांना ती लगेच सापडतात त्यांच्याकडे काम होतं. ज्यांना सापडत नाहीत त्यांना आधी ती काढायला मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

डिसेंबर २०२५मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निकालानंतर एका नव्या नगरसेवकांचा फोन आला, प्रभागातल्या चौकात सोलर हायमास्ट हवाय. कोटेशन पाठवलं, आणि त्याच पाकिटात त्यांच्या प्रभागातल्या पाण्याच्या टाकीवरच्या पंपाचंही. हायमास्टचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. पंपाच्या बाबतीत त्यांनी परवा विचारलंय, बिल नेमकं किती येतं ते.